कांडी मागवण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

वडिलांची साताऱ्यातल्या माणमधली शेती तू रासायनिक खतांशिवाय करणार हे वाचून फार बरं वाटलं. दावणीला तीन खिलार गायी आणि दोन संकरित आहेत, त्यांना कुठल्या वळूच्या कांड्या (कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या) भराव्यात, असं विचारलंस. वळूचं नाव मी आज सांगणार नाही. आधी तू मला सांग, गोऱ्हा झाला तर त्याचं काय करणार?

आपल्याकडे हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. संकरित गोऱ्ह्याचं वशिंड धड नसतं, उन्हात तो लवकर धापा टाकतो, त्यामुळे औताला त्याला कुणी घेत नाही. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा 1976 चा आहे. 2015 मध्ये बैल आणि वळूही त्या कायद्याखाली आले. कायद्याबद्दल तुझं-माझं मत काहीही असो, त्या गोऱ्ह्याला गिऱ्हाईक उरलं नाही एवढं खरं. मग पुढे काय होतं ते इंटर्नशिपमध्ये तू पाहिलंच असशील. त्याला मारत कुणीच नाही. दोन दिवस चीक पाजतात, नंतरचं दूध डेअरीला जातं, आणि गोऱ्हा खुंटीला बांधलेला राहतो. हगवण लागते, डोळे खोल जातात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर बसत नाही. दूध डेअरीला घालून आलेला माणूस त्याच्यासमोरून रिकामी किटली घेऊन जातो. हे मरण कुणाच्याच वहीत नोंदलं जात नाही. ज्याने कांडी निवडली, त्याच्या वहीत तरी ते आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

यावर तुझं उत्तर तयार असेल: सेक्स्ड सीमेन, म्हणजे मादीच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य. साधारण 90 टक्के कालवडीच होतात, आणि संकरित गायींसाठी ते वापरायला माझी हरकत नाही. पण त्या कांडीत शुक्राणू कमी असतात, गाभण राहण्याचं प्रमाण उतरतं, आणि मग गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की लोक संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन तिला माजावर आणायला लागतात. सेंद्रिय शेतीचे युरोपातले नियम इथेच थांबवतात. कृत्रिम रेतन चालतं. संप्रेरकांनी माज आणणं, भ्रूण प्रत्यारोपण, क्लोनिंग चालत नाही. वासराला किमान 90 दिवस दूध, शक्यतो आईचंच, पाजावं लागतं. आपल्या खिलार गायीला हे कुणी शिकवायला नको. वासरू कासेला लागल्याशिवाय ती पान्हाच सोडत नाही. आणि कांडी कितीही चांगली असली तरी दहातला एक गोऱ्हा येणारच. त्याची वैरण आधी धरून ठेव, मगच रेतन कर.

औषधांचंही बोलायला हवं, कारण सेंद्रिय म्हणवणाऱ्या गोठ्यांत मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. सेंद्रियचा शिक्का जाईल या भीतीने गाय कासेच्या दगडीने तळमळत असताना काढ्यावर ठेवायची, हा निव्वळ छळ आहे. त्याच युरोपीय नियमांत आजारी जनावरावर ताबडतोब उपचार करा, गरज पडली तर प्रतिजैविकंसुद्धा द्या, असं स्पष्ट आहे. फक्त त्यानंतर दूध न विकण्याचा काळ दुप्पट धरायचा. म्हणून ज्याला औषध कमी वापरायचं आहे, त्याने मुळात आजारीच कमी पडेल असं जनावर पैदा करावं. गोचीडतापाने संकरित कालवड दोन-तीन दिवसांत आडवी होते. शेजारच्या दावणीची खिलार त्याच गोचिडांसह बहुतेक वेळा निभावून नेते. वळूच्या कॅटलॉगमधले लिटरचे आकडे मुबलक पेंड आणि मुरघास खाणाऱ्या लेकींवरून काढलेले असतात. कडब्यावर आणि पडीक रानावर त्याच वळूच्या लेकी तसं दूध देतीलच असं नाही, मात्र भूक त्यांना तेवढीच लागते.

एकाच वळूच्या मागे किती जावं, याचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत 1962 साली चीफ नावाचा, होल्स्टिन या दुधाळ जातीचा वळू जन्मला. त्याच्या लेकी इतक्या दुधाळ निघाल्या की आज होल्स्टिन जातीच्या जनुकसंचातला सुमारे 14 टक्के भाग त्याच्याकडून आलेला आहे. त्याच्याकडे एक घातक जनुकही होतं. आई आणि बाप दोघांकडून ते आलं की गर्भ पोटातच मरतो. ते उघडकीला येईपर्यंत जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात त्यामुळे झाले असा अंदाज आहे.

हे परदेशी जातींचं दुखणं आहे, आपलं देशी शुद्ध, असं समजू नकोस. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून खिलार खोंडाला भाव आला आहे, आणि मैदान मारलेल्या एकाच वळूकडे पंचक्रोशीतल्या गायी नेतात. नात्यातल्या नात्यात पैदास होऊन रक्त आटत चाललं तर कुणाला दिसणार? मैदानात फक्त वेग दिसतो. शर्यतीच्या खोंडाला दूध, अंडी आणि उडीद मिळतात. त्याला जन्म देणारी गाय कोरड्या कडब्यावर उभी असते. संकरित गोठ्यात नराची उपेक्षा होते, खिलारच्या गोठ्यात मादीची. वंशाचा अभिमान जरूर धर, पण तो गायीच्या गव्हाणीत दिसू दे.

तुझ्याकडे मेंढ्या नाहीत, तरी फलटणचं काम जाऊन पाहा. तिथल्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचं जुळं देणारं जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. नारी सुवर्णा तिचं नाव. काम मोलाचं आहे, धनगराच्या हातात चार पैसे जास्त येतात. पण जुळ्याबरोबर जबाबदारीही दुप्पट येते. वाटचालीत व्यालेल्या मेंढीला दोन्ही कोकरांपुरतं दूध उतरायचं तर तिला वाटेत खुराक लागतो, आणि अशक्त कोकरू उचलून घ्यायला तट्टावर जागा लागते. जनुकाची एक प्रत असली तर बहुधा जुळ्यांवर भागतं. दोन प्रती आल्या की तिळ्यांचा धोका वाढतो. जिथे खुराकाची सोय आहे तिथे हे वरदान आहे. जिथे नाही तिथे भुकेलं कोकरू जन्माला घालण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

माणमध्ये तर हा हिशेब दुष्काळाच्या सालावर करायचा असतो. 2018-19 ला छावणीत जनावरं घेऊन माणसं महिनोन्‌महिने राहिली, ते तुझ्या घरानेही पाहिलं आहे. दावण किती वाढवायची ते त्या सालच्या गंजीवरून ठरव, चांगल्या पावसाच्या सालावरून नको. भाकड गायीलाही त्याच हिशेबात घे. तुझ्या शेतीला शेण लागणारच आहे, तेव्हा तिचं खाणं हा धर्मादाय खर्च नाही.

माझा कल विचारशील तर संकरित गायींत होल्स्टिनचं रक्त निम्म्याच्या वर नेऊ नकोस, आणि तिन्ही खिलार गायींना तीन वेगळ्या घरच्या वळूंचं रेतन कर. गाव सोडून दूरचे वळू शोध, शर्यत न खेळलेले असले तरी चालतील. पण त्यांची आई बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस: किती वेतं झाली, अडली का, दोन वेतांत अंतर किती, कास कशी. पाचही गायींची हीच माहिती वडिलांना विचारून लिहून काढ आणि पुढचा माज येण्याआधी मला पाठव. मग वळूंची नावं काढू.

शुभाशीर्वाद.