पाण्यातल्या बटरकपची गुणसूत्रं 16, 32 की 48?

रॅननक्युलस पेल्टॅटस म्हणजे पाण्यातला एक बटरकप. या एकाच पाणवनस्पतीची गुणसूत्रं कुठे 16, कुठे 32, तर कुठे 48 दिली आहेत, मग खरा आकडा कोणता, असं तुम्ही विचारलंय. तिन्ही खरे. या गटाचा मूळ संच 8 चा. म्हणजे कुठे दोन संच (डिप्लॉइड), कुठे चार (टेट्राप्लॉइड), तर कुठे सहा (हेक्झाप्लॉइड). "बाकीचे चुकले असतील" असं तुम्ही लिहिलंत ना, तेच मला खटकलं.

एम.एस्सी.ला साताऱ्यात असताना मी यवतेश्वरच्या उतारावरून रानकांदा खणून आणला. ओल्या वाळूत मुळं फुटल्यावर टोकं खुडली, पेशींचं विभाजन मध्येच थांबवणारं कॉल्चिसीन दिलं, ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवली. टिपकागद ठेवून अंगठ्यानं स्लाइड दाबली. मोजले तर 30. पुस्तकात होते 20. गाइड म्हणाले, "शेजारच्या पेशीतली मिसळलीत, नीट दाबायला शिक." अकरा पेशी मोजल्या, अकराही वेळा 30. अहो, मिसळली असती तर एकीत 23, दुसरीत 27 अशी आली असती. दर वेळी बरोबर दहा-दहाचे तीन संच कसे येतील? त्याच झाडाचे परागकणही निम्म्याहून जास्त सुरकुतलेले होते, ट्रिप्लॉइडमध्ये, म्हणजे तीन संचांच्या झाडात, होतात तसेच. तरी प्रबंधात 20 लिहायला लावलं, आणि मी लिहिलं. रानकांद्यात 20, 30 आणि 40 हे तिन्ही आकडे भारतातूनच नोंदलेले आहेत, हे मला नंतर वाचनात सापडलं. तेव्हा माहीत असतं तर भांडलो असतो.

म्हणून सांगतो, स्लाइडवर दिसेल तेच लिहा. सोबत झाड नेमकं कुठलं ते लिहा आणि त्याच झाडाची हर्बेरियम शीट, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना, ठेवा. नाहीतर त्या आकड्याला काडीची किंमत नाही.

बटरकपच्या 16, 32 आणि 48 वाल्या झाडांना वेगळ्या जाती मानायचं का? नुसत्या आकड्यावरून मुळीच नाही. पानांवरूनही जपून. एकाच झाडाला पाण्याखाली केसांसारखी चिरलेली आणि वर तरंगणारी रुंद पानं येतात, पाणी आटलं की चिखलात तेच झाड बुटकं होऊन ओळखू येत नाही. त्यात या गटात संकरही होतात.

एक राहिलं. हा बटरकप मूळचा युरोपाकडचा, कासच्या तळ्यात शोधू नका. आणि दोन-तीन पेशी पाहून गाइडशी वाद घालायला जाऊ नका, निदान दहा तरी स्वच्छ मेटाफेज, म्हणजे गुणसूत्रं सुटी मोजता येतील अशा अवस्थेतल्या पेशी, हातात असू द्या. माझ्याकडे अकरा होते.