पोलिसांच्या भरधाव गाडीशी टक्कर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हिरवा दिवा पाहून मी चौकात शिरलो आणि आडव्या रस्त्यावरून आलेली पोलिसांची गाडी माझ्या दारावर आदळली. चालक म्हणतो, सायरन चालू होता. मला तो शेवटपर्यंत ऐकू आला नाही. मीच खोटं बोलतोय असा सगळ्यांचा सूर आहे.

उत्तर: तुम्ही दोघंही खरं बोलत असाल, असं सहज होऊ शकतं. सायरनचा कर्णा पुढच्या जाळीमागे किंवा टपावर असतो आणि त्याचं तोंड पुढे असतं. आवाजाचा जोर समोर जास्त, बाजूंना कमी. चौकाच्या कोपऱ्यावर इमारत असेल, तर आडव्या रस्त्यावरच्या गाडीचा आवाज तुमच्यापर्यंत सरळ येतच नाही. तो समोरच्या भिंतींवर आपटून येतो, म्हणून ऐकू आला तरी दिशा उलटी वाटते. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. त्यात बंद काचा आणि आतला पंखा.

आता वेळेचा हिशोब करा. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. ती ६० मीटरवर असताना आवाज पहिल्यांदा कानावर पडला, तर हातात जेमतेम दोन सेकंद उरतात. त्यातला दीड सेकंद आवाज ओळखून पाय ब्रेकवर नेण्यातच जातो.

म्हणून जबाबात ‘सायरन नव्हता’ असं लिहू नका, ‘मला सायरन ऐकू आला नाही’ असं लिहा. शब्दांचा हा फरक फार मोलाचा आहे. पहिलं वाक्य कुणाच्या मोबाइलमधल्या चार सेकंदांच्या चित्रणाने खोटं ठरू शकतं, आणि मग तुमच्या बाकीच्या जबाबावरही कुणी विश्वास ठेवत नाही. दुसरं वाक्य तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट सांगतं. सोबत काचा वर होत्या की खाली, पंखा किती वेगावर होता, गाणी लावली होती का, हेही प्रामाणिकपणे लिहा.

सायरन खरोखर चालू होता का, हे शोधायला जागा आहेत. कॅमेऱ्याला आवाज नसला तरी टपावरच्या दिव्यांचा निळा-लाल झगमगाट गाडी चित्रात येण्याआधीच भिंतीवर, काचेवर किंवा ओल्या रस्त्यावर दिसतो. दिवा दिसला म्हणजे सायरन होताच असं नाही, कारण पुष्कळ गाड्यांत दोन्हींचे खटके वेगळे असतात. त्या वेळी चालक बिनतारी यंत्रणेवर बोलत असेल, तर नियंत्रण कक्षाच्या ध्वनिमुद्रणात मागे सायरन ऐकू येतो. हे ध्वनिमुद्रण जपून ठेवावं, अशी मागणी लेखी आणि लगेच करा.

प्रश्न: पोलिसांना वेगमर्यादा लागूच नसते, मग त्यांची चूक निघणार तरी कशी?

उत्तर: ही समजूत अर्धीच बरोबर आहे. रस्ता वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३४ अशा गाड्यांना नियम ओलांडण्याची मोकळीक देतं, पण दोन अटींवर: इशाऱ्याची साधनं वापरून आपण येत असल्याचं कळवलेलं असावं आणि इतरांना धोका होता कामा नये. ब्रिटनमध्ये १९८४ च्या रस्ता वाहतूक नियमन कायद्याचं कलम ८७ पोलिसांना वेगमर्यादेतून सूट देतं. ती सूट वेगमर्यादेपुरती आहे, बेदरकारपणाला ती लागू नाही. देशोदेशी शब्द बदलतात, गाभा बहुतेक ठिकाणी हाच राहतो. त्यामुळे भर ‘वेग जास्त होता’ यावरच देऊ नका. दिसण्याची सोय काय होती, चौकात शिरताना वेग उतरवला का, कामगिरी खरोखर तातडीची होती का, हे प्रश्न जास्त कामाचे आहेत. तातडीची हाक आली होती का, हे नियंत्रण कक्षाच्या नोंदीतल्या वेळेवरून कळतं.

प्रश्न: धडक झाल्यावर पहिल्या तासात नेमकं काय करावं? समोर पोलिसच असल्यामुळे काही सुचत नाही.

उत्तर: आधी इंजिन बंद, धोक्याचे दिवे चालू, इंधनाचा वास येतोय का ते बघा. मान किंवा पाठ दुखत असलेल्या माणसाला आग किंवा दुसऱ्या धडकेचा धोका नसेल तर हलवू नका. रुग्णवाहिका बोलवा. ज्या गाडीने धडक दिली त्याच गाडीतल्या माणसांवर हे काम सोडू नका, स्वतः फोन करा, म्हणजे कॉलची वेळ तुमच्या नावे नोंदली जाते.

मग फोटो. गाड्या हलवण्याआधीचे फोटो नंतर कशानेही भरून निघत नाहीत. रस्त्याची दोन्ही टोकं दिसतील असे लांबून चार फोटो घ्या, प्रत्येक गाडीच्या चारही कोपऱ्यांतून एकेक, मग जवळून. काचांचा चुरा आणि बंपरचे तुकडे कुठे पडलेत, हे टिपायचं बहुतेकांच्या राहून जातं. धडकेची नेमकी जागा बऱ्याचदा त्यावरून आणि डांबरावरच्या खरवडीवरून कळते, गाड्या शेवटी कुठे थांबल्या त्यावरून नाही. टायरच्या खुणा उभ्याने घेतलेल्या फोटोत पुसट दिसतात. गुडघ्यावर बसून, खुणेच्या ओळीत कॅमेरा धरून, तिरप्या उजेडात घ्या. शेजारी फूटपट्टी किंवा बूट ठेवा, म्हणजे माप कळतं. खुणेची सुरुवात आणि शेवट विजेचा खांब, झाकण अशा न हलणाऱ्या वस्तूपासून पावलांनी मोजून लिहून ठेवा.

पोलिसांच्या गाडीचा नोंदणी क्रमांक, टपावरचा क्रमांक, चालकाचं नाव आणि पद, गाडीत किती जण होते, हे टिपा. चालवत कोण होतं हे त्याच क्षणी नोंदवणं महत्त्वाचं, पुढे त्यावरही वाद होतात. साक्षीदारांना मोठा जबाब मागू नका. नाव, फोन आणि ‘मी कुठे उभा होतो, काय पाहिलं’ एवढ्या दोन ओळी पुरे.

तुमच्या गाडीत डॅशकॅम असेल तर कार्ड काढून खिशात ठेवा. हे कॅमेरे जुन्या चित्रणावर नवं चढवत जातात. धक्क्याने फाइल आपोआप राखली जाते हे खरं, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत तेवढी एकच फाइल राखली जाते. सिग्नल कोणत्या रंगाचा होता हे नेमकं तिच्या आधीच्या फाइलमध्ये असू शकतं.

वाद घालू नका, आवाज चढवू नका, आणि ‘चूक माझीच असेल’ असंही म्हणू नका. तपास त्याच तुकडीने न करता दुसऱ्या शाखेच्या अधिकाऱ्याने करावा, असं शांतपणे आणि लेखी सांगा. वाचून न दाखवलेल्या कागदावर किंवा कोऱ्या जागेखाली सही करू नका. सही केलीत तर प्रत मागा.

प्रश्न: अहवालात पोलिस गाडीचा वेग ताशी ६० लिहिलाय. मला तो शंभरच्या वर वाटला. सिद्ध कसं करायचं?

उत्तर: ‘वाटला’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. थेट अंगावर येणाऱ्या वस्तूचा वेग डोळ्यांना नीट कळत नाही. ती दूर असताना तिचा आकार फार हळू वाढतो आणि शेवटच्या क्षणी एकदम फुगतो. म्हणून साक्षीदारांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. वेग मोजायचा तो खुणांवरून.

सर्वांत भरवशाचा आणि आपल्या आवाक्यातला मार्ग सीसीटीव्हीचा. चित्रात रस्त्यावरच्या दोन ठळक जागा निवडा, म्हणजे पट्ट्याचं टोक आणि खांबाचा पाया. जागेवर जाऊन टेपने अंतर मोजा. समजा ते २० मीटर आहे आणि कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेतो. गाडीचं पुढचं चाक पहिल्या जागेवरून दुसऱ्यावर जायला १८ चित्रं लागली, तर वेळ झाला ०.७२ सेकंद आणि वेग ताशी १०० किलोमीटर. एका चित्राची चूक दोन्हीकडे धरा: १९ चित्रांना ९५, १७ चित्रांना १०६. म्हणजे ‘९५ ते १०६ च्या दरम्यान’ एवढंच म्हणायचं, आणि ६० चा दावा मोडायला ते पुरेसं आहे.

इथे तीन गोष्टी घोटाळा करतात. एक, स्वस्त कॅमेरे सेकंदाला नेमकी २५ चित्रं घेतातच असं नाही, मध्ये चित्रं गाळतात. म्हणून चित्रावरच्या घड्याळाचे लागोपाठचे सेकंद धरून प्रत्येक सेकंदात किती चित्रं आहेत ती मोजून बघा. दोन, मोबाइलवरून धाडलेली प्रत दाबून लहान केलेली असते. कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या मूळ पेटीतून, म्हणजे डीव्हीआरमधूनच फाइल उतरवून घ्या. तीन, रुंद कोनाच्या भिंगात चित्राच्या कडा वाकतात, त्यामुळे दोन्ही जागा मध्याजवळच्या निवडा. डीव्हीआरचं घड्याळ आणि तुमच्या फोनचं घड्याळ एकाच फोटोत घ्या. पुढे सगळ्या नोंदींची वेळ जुळवताना हा फोटो फार उपयोगी पडतो. आणि उद्यावर ढकलू नका, जागा संपली की डीव्हीआर जुनं पुसतो.

टायरच्या खुणांवरून किमान वेग निघतो. कोरड्या डांबरावर घर्षणांक (टायरची रस्त्यावर पकड किती, त्याचं माप) ०.७ धरला, तर ३० मीटर लांबीची घसरण म्हणजे निदान ताशी ७३ किलोमीटर. ओल्या रस्त्यावर ०.४ धरला, तर तीच खूण ५५ सांगते. म्हणून त्या दिवशी रस्ता कोरडा होता की ओला, हे फोटोत दिसायलाच हवं. हा आकडा फक्त घसरण्यात खर्च झालेल्या वेगाचा आहे, धडकेत मोडलेल्या पत्र्याचा हिशोब त्यात नाही. खरा वेग त्याहून जास्तच. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीच्या खुणा मात्र पुसट आणि तुटक असतात. ‘खुणा नाहीत, म्हणजे ब्रेक लावलाच नाही’ हा तर्क तिथे चालत नाही.

तिसरा साक्षीदार गाडीतच असतो. एअरबॅगचं नियंत्रण करणारी पेटी बहुतेक मोटारींत पुढच्या दोन आसनांच्या मधोमध, पायाखालच्या पत्र्याला घट्ट बसवलेली असते. बऱ्याच गाड्यांत ती धडकेआधीच्या सुमारे पाच सेकंदांचा वेग, ब्रेक आणि अॅक्सिलरेटरची स्थिती साठवते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत अशी नोंद ठेवणं बंधनकारक आहे. एअरबॅग फुटली असेल तर नोंद सहसा कायमची राहते. फुटली नसेल तर गाडी पुन्हा पुन्हा चालू केल्यावर ती पुसली जाऊ शकते. दोन्ही गाड्यांची पेटी वाचून होईपर्यंत दुरुस्ती आणि भंगार थांबवा, अशी लेखी मागणी करा. वाचणाऱ्या तज्ज्ञाला एक गोष्ट विचारायला विसरू नका: नोंदलेला वेग चाकांच्या फिरण्यावरून आलाय का? चाक घसरत असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

प्रश्न: माझा इंडिकेटर बंद होता, असं म्हणतात. बल्ब तर फुटलाय.

उत्तर: तो फुटका बल्ब फेकू नका, आणि चालू करूनही बघू नका. तारेचा जुना बल्ब पेटलेला असताना जोराचा धक्का बसला, तर तापून मऊ झालेली तार ताणली जाते, वेटोळी सैल होऊन लोंबतात. थंड तार एक तर तशीच राहते किंवा कडकन तुटते. पेटलेला असताना काच फुटली तर तार हवेत जळते आणि आत पांढरट-पिवळट भुकटी बसते. इंडिकेटर लुकलुकत असल्यामुळे धक्का नेमका विझलेल्या क्षणी बसला, तर खूण पुसट असू शकते, म्हणून पुढचा आणि मागचा दोन्ही बल्ब जपा. होल्डरसकट काढून कापसात गुंडाळा, डबीवर तारीख आणि बाजू लिहा. एलईडी दिव्यांवर मात्र अशी खूण उमटत नाही.

प्रश्न: त्या दिवशी काहीच दुखलं नाही म्हणून दवाखान्यात गेले नाही. तिसऱ्या दिवशी मान आखडली. आता उशीर झाला का?

उत्तर: उशीर झालेला नाही, पण आजच जा. मानेला हिसका बसल्याचं दुखणं एक-दोन दिवसांनी वर येणं नेहमीचं आहे. डॉक्टरांना धडकेची तारीख, कोणत्या बाजूने बसली आणि पट्टा लावला होता हे सांगा आणि ते कागदावर आलंय ना ते पाहा. पट्ट्याचा वळ छातीवर किंवा पोटावर असेल तर त्याचा फोटो काढा, तो आठवड्याभरात फिका पडू लागतो. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, हाताला बधिरपणा किंवा पोटात दुखणं यांपैकी काहीही असेल, तर वेळ न घालवता थेट तातडीच्या विभागात जा.

प्रश्न: भरपाईचा अर्ज निवांतपणे केला तर चालेल का?

उत्तर: नाही. समोर सरकारी खातं असलं की मुदती बहुधा आखूड असतात. न्यूयॉर्क शहरावर दावा करायचा तर ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते, कॅलिफोर्नियात इजेच्या दाव्याला सहा महिने. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम १६६(३) अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घालतं. आपल्याकडची मुदत पहिल्याच आठवड्यात वकिलांकडून विचारून घ्या. विमा कंपनीला तर त्याच दिवशी कळवा. गाडीची पाहणी होण्याआधी दुरुस्ती सुरू केली, तर विम्याचा दावा अडकतो आणि पत्र्यावरचा पुरावाही जातो.

प्रश्न: मी नुकतीच गाडी शिकतेय. मागून सायरन आला तर काय करायचं?

उत्तर: जोरात ब्रेक मारू नका, मागच्याला तुमचा अंदाज येत नाही. इशारा देऊन हळूहळू कडेला व्हा. वळणावर, चढाच्या टोकावर किंवा पुलावर थांबू नका, थोडं पुढे जाऊन रुंद जागा शोधा. वाट देण्यासाठी लाल दिवा तोडून चौकात घुसू नका. आणि एक गाडी पुढे गेली की लगेच रस्त्यावर येऊ नका. पाठलागात गाड्या अनेकदा दोन-तीन असतात आणि दोघींचे सायरन मिसळून एकच वाटतात. पहिली गेली म्हणून निघालेल्या माणसाला दुसरी धडकते. आधी आरसा बघा, मग मान वळवून मागे, तीन-चार सेकंद थांबा आणि मगच गाडी पुढे काढा.