मिठाची पुडी

प्रश्न : मुलगी टीवायबीएला आहे, विषय मानसशास्त्र. आईवडील कामासाठी लांब गेलेल्या मुलांवर संशोधन करायचं म्हणते. प्रश्नावल्या भरून घ्यायला एम.ए. कशाला? त्यात पोट कसं भरणार? मी एमबीएच्या क्लासची फी भरून टाकली आहे. मी स्वतः दहावीपर्यंत कणकवलीजवळ आजीकडे वाढलो, आईबाबा मुंबईत. माझं काही बिघडलं नाही. मे महिना संपला की त्यांच्या गाडीच्या वेळेला आजी मला मीठ आणायला धाडायची. परत येईपर्यंत ते गेलेले असत. एवढंच.
– एक पालक, भांडुप

उत्तर : तुमच्या 'एवढंच'पाशी मी अडकले. इतक्या वर्षांनी ती मिठाची पुडी तुम्ही करिअरच्या पत्रात लिहिलीत, कुणी विचारलेलं नसताना. पुढच्या मे महिन्यात दुकानात जाताना तुमचे पाय जड झाले होते का? आजीचा राग आला होता का? लेकीला नेमकं हेच समजून घ्यायचं आहे. तुमचं बिघडलं नाही, हे मी मानते. म्हणून तिचा विषय फालतू ठरत नाही. आजही ऊसतोडीला बीडहून टोळ्या निघतात, तेव्हा कितीतरी मुलं गावात आजीआजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात.

प्रश्नावलीबद्दल तुमचा मोठा गैरसमज आहे. 'आईची आठवण येते का?' असं विचारलं, तर मूल मोठ्यांना बरं वाटेल ते सांगतं. त्यात आजी दारात उभी असेल तर नक्कीच. म्हणून त्याच्याकडून चित्र काढून घ्यायचं, सकाळी वेणी कोण घालतं ते विचारायचं, ते गप्प झालं की आपणही थांबायचं. घरच्यांनी परवानगी दिली तरी मुलाचा स्वतःचा होकार लागतोच, आणि ते कधीही 'आता नको' म्हणू शकतं. हे अंगी बाणायला वर्षं जातात.

एम.ए.साठी देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश होतो. पुढे नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.च्या संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. पैसा उशिरा येतो, हे तिलाही स्पष्ट सांगा.

तिला न विचारता क्लासची फी भरलीत, हे मात्र चुकलं. परत मिळते का बघा.

आणि एका संध्याकाळी टीव्ही बंद करून तिला मिठाचं सांगा. तिला ते वहीत उतरवायचं असेल, तर आधी तिने तुम्हाला विचारायला हवं. 'नको' म्हणायचा हक्क तुम्हालाही आहे.