कृत्रिम खुबा : कोणता कोड कधी?

प्रश्न : उजवा खुबा बदललेला रुग्ण सहा आठवड्यांनी तपासणीला आला. अमेरिकी आयसीडी-१०-सीएमनुसार (आजार आणि उपचारांची कारणं नोंदवायची कोडयादी) नुसता झेड९६.६४१ दिला तर चालेल का?

उत्तर : नाही. तो कोड 'उजवीकडे कृत्रिम खुबा आहे' एवढंच सांगतो. शस्त्रक्रियेनंतरच्या देखभालीसाठी आधी झेड४७.१, जोडीला झेड९६.६४१. डाव्यासाठी शेवटचा अंक २, दोन्हींसाठी ३. ९ म्हणजे बाजू नोंदलेली नाही; तो टाकण्याआधी शस्त्रक्रियेचे कागद उघडून बघा, बाजू तिथे बहुधा सापडतेच.

हाच सांधा निखळला असेल तर मात्र टी८४.०२०ए. मग झेड९६.६४१ वेगळा लावायला नको, कृत्रिम सांधा त्या कोडमध्येच आला. शेवटचा 'ए' पहिल्या भेटीचा नव्हे, सक्रिय उपचार चालू असल्याचा. गोंधळ नेमका इथेच होतो.