नवरा वारल्यावर सासू-सासरे नातवाला भेटण्यासाठी कोर्टात जाऊ शकतात का? मी नकार दिला तर?

जाऊ शकतात, पण मुलाचा ताबा त्यामुळे आपोआप तुमच्याकडून जात नाही. हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 6 नुसार वडिलांनंतर आईच नैसर्गिक पालक असते. आजी-आजोबांना भेटीचा वेगळा हक्क देणारं कलम आपल्याकडे नाही. मात्र पालक व पाल्य कायदा, 1890 खाली मुलाचा कोणताही नातेवाईक अर्ज करू शकतो आणि कोर्ट फक्त मुलाचं हित बघतं, मोठ्यांचं भांडण नाही. त्यामुळे सरसकट नकार देऊ नका. वडील गमावलेल्या लेकराची आजी तरी कशाला तोडायची? त्यापेक्षा तुम्हीच लेखी प्रस्ताव द्या:

- महिन्यातून दोन रविवार, ठरलेल्या वेळी
- सुरुवातीला तुमच्यासमोर
- मुक्काम नंतर, मूल रुळल्यावर

मारहाण, व्यसन किंवा मुलाला पळवून नेण्याची धमकी असेल, तर गोष्ट वेगळी. पोलिसांतली तक्रार, मेसेज जपून ठेवा आणि कौटुंबिक न्यायालयात देखरेखीखालीच भेट मागा. अर्ज मूल जिथे राहतं तिथल्याच कोर्टात चालतो. तुम्ही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख नसाल तर पालकत्वाचे नियम बदलतात, वकिलाला आधी तेच विचारा.