बंदरात स्कॅनर असूनही कंटेनरमधून हेरॉइन कसे येते?

न्हावा शेवासारख्या बंदरात एक्स-रे स्कॅनर, सीआयएसएफचा पहारा आणि सीमाशुल्क खात्याची माणसे असताना कंटेनरमधून हेरॉइन येतेच कसे, आणि प्रत्येक कंटेनर उघडून का पाहत नाहीत, असे आपण विचारले आहे. मी तेथे एका क्लिअरिंग एजंटाकडे (आयातदाराच्या वतीने सीमाशुल्काची कागदपत्रे करून माल सोडवणाऱ्याकडे) बरीच वर्षे काम केले असल्याने जे पाहिले आणि समजले ते लिहितो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. चाळीस फुटी कंटेनरमधला माल हमालांकरवी पूर्ण उतरवून, तपासून, पुन्हा भरायचा तर निम्मा दिवस सहज जातो, आणि न्हावा शेवा वर्षाला ६० लाखांहून अधिक वीस फुटी कंटेनरांइतकी वाहतूक हाताळते. नुसते स्कॅनिंगही सगळ्यांचे जमत नाही. अमेरिकेने २००७ मध्ये कायदा करून आपल्याकडे येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच स्कॅन व्हावा असे ठरवले आणि त्यासाठी २०१२ ची मुदत घातली. ती मुदत पुढे ढकलली जात राहिली.

म्हणून निवड करावी लागते. आयातदाराने बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची माहिती देणारा सीमाशुल्काचा अर्ज, दाखल केले की माल कोणता, कोणत्या देशातून आला, आयातदाराचा पूर्वेतिहास काय, हे पाहून संगणक जोखीम ठरवतो आणि कमी जोखमीचा माल न उघडताच सुटतो. पद्धत वाईट नाही, पण ज्या माहितीवर ही निवड होते तिचा बराच भाग आयातदारानेच लिहून दिलेला असतो. खरी कमजोरी मला येथे दिसते.

सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात दोन कंटेनरमधून सुमारे ३,००० किलो हेरॉइन जप्त झाले. कागदावर माल होता अफगाणिस्तानातील टाल्क (पावडरीसाठी वापरतात तो मऊ दगड), तो चढवला होता इराणच्या बंदर अब्बासला, आणि आयातदाराचा पत्ता होता विजयवाड्याचा. मोठ्या पिशव्यांत तळाशी हेरॉइन आणि वर टाल्कचे खडे, अशी रचना होती. पुढच्याच वर्षी न्हावा शेव्यात दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या कंटेनरमध्ये २० टनांहून अधिक ज्येष्ठमध होते आणि हेरॉइनचा लेप त्या मुळ्यांवरच चढवलेला होता. एक्स-रेला घनतेतला फरक दिसतो. कापडाच्या गठ्ठ्यांत लपवलेल्या दारूच्या बाटल्या तो लगेच दाखवील, मुळीवरचा लेप कसा दाखवणार? मुंद्र्याचा माल सापडला तो महसूल गुप्तचर संचालनालयाला आधी खबर मिळाली म्हणून.

कंटेनरच्या दाराला लावलेल्या क्रमांकित सीलचीही गोष्ट अशीच आहे. गेटवर सीलचा क्रमांक कागदाशी जुळवतात, जुळला की गाडी पुढे. एकदा आमच्या एका कंटेनरचे सील शाबूत होते, क्रमांकही बरोबर होता, पण एका जुन्या सर्व्हेअरने दाराच्या दांडीकडे बोट दाखवले: एक रिबीट बाकीच्यांपेक्षा चकचकीत होता आणि त्याच्याभोवतीचा रंग नखाने निघत होता. म्हणजे रिबीट काढून दार सील न तोडताच उघडले गेले होते. आत माल कमी निघाला, जास्तीचे काही निघाले नाही, हे आमचे नशीब. दांडी आणि बिजागऱ्या पाहायला दोन मिनिटे पुरतात, परंतु मागे ट्रेलरची रांग लागलेली असताना ती दोन मिनिटे कोणी देत नाही.

आणखी एका गोष्टीकडे फारसे कोणी पाहत नाही, ती म्हणजे बंदरात पडून राहिलेला माल. आयातदार फिरकत नाही, खटला चालू राहतो, डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचे शुल्क, मालाच्या किमतीच्या वर जाते आणि डबा कोपऱ्यात उभा राहतो. बैरुत बंदरात अशाच पडून राहिलेल्या सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा ४ ऑगस्ट २०२० रोजी स्फोट झाला. त्या वेळी चेन्नईजवळच्या एका कंटेनर गोदामातही याच रसायनाचा सुमारे ७०० टनांचा साठा होता, जो सीमाशुल्क खात्याने २०१५ मध्ये जप्त केला होता. बैरुतनंतर तो काही दिवसांतच हैदराबादकडे हलवायला सुरुवात झाली. तोपर्यंतची पाच वर्षे कागदावर त्याची नोंद व्यवस्थित होती.