पदनाम बदललं, आता रेझ्युमेवर काय लिहू?

प्रश्न: नमस्कार ताई, मी सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहिती लिहिते. आता कंपनीने सगळ्यांची पदनावं बदलली आणि मी झाले ‘इन्फॉर्मेशन डेव्हलपर’, काम तेच आणि पगारही तोच. रेझ्युमेवर कुठलं लिहू? आणि एक सीनियर म्हणतात एसटीसीची मेंबरशिप घे, वजन वाढतं. घेऊ का?

उत्तर: आधी मेंबरशिपचं सांगते कारण तिथे तुमचे पैसे आहेत. एसटीसी म्हणजे सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही अमेरिकेतली संस्था, तिची मुळं १९५३ पर्यंत जातात, पण जानेवारी २०२५ मध्ये ती दिवाळखोरीत निघून बंद झाली. तुमचे सीनियर जुन्या अनुभवावरून बोलतायत, त्यांचं चूक नाही, एके काळी खरंच वजन होतं. मला स्वतःला ही बातमी फार लागली, कारण आपल्या कामाला स्वतंत्र व्यवसाय म्हणून ओळख मिळवून देण्यात या संस्थेचा मोठा हात होता.

आता राहिल्या कोण तर ब्रिटनमधली आयएसटीसी आणि जर्मनीतली टेकॉम, ही १९७८ पासूनची. मशीन, उपकरणं यांच्या मॅन्युअल्सचं काम असेल किंवा युरोपातल्या कंपन्यांशी संबंध असेल तर टेकॉमचा उपयोग होतो. तुम्ही सॉफ्टवेअरवाल्या, तर मी म्हणेन राइट द डॉक्समध्ये या. २०१३ मध्ये एका कॉन्फरन्सपासून सुरू झालेलं हे नेटवर्क आहे, त्यांच्या स्लॅकवर, म्हणजे ग्रुप चॅटवर, यायला फी नाही, आणि तिथे रायटरच नाही तर डेव्हलपर, सपोर्टवालेसुद्धा असतात, म्हणून प्रश्न विचारला की उत्तर कामाचं मिळतं. आपल्याकडे वकील-डॉक्टरांसारखं लायसन्स लागत नाही, त्यामुळे मेंबर नाही म्हणून कुणी तुम्हाला हे काम करण्यापासून अडवू शकत नाही.

आता पदनाम. ऑफर लेटर किंवा एचआरच्या रेकॉर्डला जे आहे तेच रेझ्युमेवर लिहा, ‘सीनियर’ वगैरे मनाने लावू नका, व्हेरिफिकेशनमध्ये अडकाल. पण रिक्रूटर सर्च करताना ‘टेक्निकल रायटर’ टाकतो, अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-यादीतसुद्धा याच नावाने वेगळी नोंद आहे, म्हणून पदनामाखालच्या पहिल्याच ओळीत ‘टेक्निकल रायटिंग’ आलं पाहिजे, आणि लगेच काय लिहिलंत ते, एपीआय डॉक्स (एक सॉफ्टवेअर दुसऱ्याशी कसं जोडायचं याची माहिती), इन्स्टॉलेशन गाइड, रिलीज नोट्स, जे असेल ते.

आणि एक राहिलं, यूएक्स रायटर आणि डॉक्युमेंटेशन इंजिनिअर ही मात्र नुसती नवी नावं नाहीत हं. पहिल्यात स्क्रीनवरचा मजकूर असतो आणि डिझाइन टीमबरोबर बसावं लागतं, दुसऱ्यात बऱ्याचदा गिट (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल), मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर फॉरमॅट करायची पद्धत), थोडं कोडिंग, डॉक्सची साइट बिल्ड करणं हे सगळं येतं. तुमच्याकडे यातलं काही आधीच करून घेत असतील तर ते लेखी अप्रेझलमध्ये आणा आणि त्याच बैठकीत पगाराचा विषय काढा.